लखलखीत माप

माझा मुलगा गेला त्याला चार वर्षं झाली. त्या चार वर्षांत एकही शनिवार असा गेला नाही की मी त्याचं मायक्रोमीटर घासलं नाही.

ज्यांनी ते पाहिलं नाही त्यांना सांगते. घोड्याच्या नालासारखी पोलादाची एक कमान असते. एका टोकाला जागचा न हलणारा गोल दट्ट्या, दुसऱ्या टोकाकडून आट्यांवर फिरत पुढे येणारा दुसरा. दोघांच्या तोंडांमध्ये वस्तू धरायची आणि दांडीवरच्या बारीक रेघा वाचायच्या. केसाची जाडीसुद्धा कळते. एकदा त्याने माझा पिकलेला केस त्यात धरून मोजला आणि म्हणाला, "आई, तुझी जीभ याच्याहून पातळ आहे. म्हणून तर इतकी कापते."

छातीत कळ येऊन तो गेला, तेराव्या मिनिटाला संपलं सगळं. आठवडाभराने कारखान्याचा फोरमन त्याच्या मायक्रोमीटरची लाकडी पेटी घेऊन आला. या माणसाचा एक चष्मा नाकावर आणि एक कपाळावर असतो, म्हणून कारखान्यात त्याला सगळे दोनचष्मे म्हणतात. दारात उभा राहून म्हणाला, "काकू, लेथ कंपनीची होती. हे मात्र त्याचं स्वतःचं." मी पेटी घेतली आणि काचेच्या कपाटात त्याच्या फोटोशेजारी ठेवली.

घासायची पद्धत माझी स्वतःची. पितळेची भांडी घासायची पावडर ओली करायची, जुन्या धोतराच्या चिंधीला लावायची, चिंधी त्या दोन तोंडांमध्ये घालून घट्ट आवळायची आणि ओढून काढायची. असं दहा-बारा वेळा. मग कोरड्या कापडाने पुसून डब्याचं झाकण लावावं तसं कचकचून बंद करायचं. चेहरा दिसेल असं चकाकायचं. आल्यागेल्याला मी दाखवायचे. चौथी शिकलेली बाई मी, पण माझ्या हातची वस्तू कधी कळकट राहिली नाही.

सूनबाई त्या वेळी खिडकीशी मशीनवर शर्टांना काजं करत बसलेली असायची. बघायची आणि परत मान खाली घालायची. चौदा वर्षं या घरात आहे, पण मला उलटं उत्तर दिल्याचं आठवत नाही. मला वाटायचं, गरीब स्वभावाची आहे.

त्या गरीब स्वभावाच्या बाईने एके दिवशी भाजी निवडता निवडता सांगितलं, "आई, कारखान्यात दोन शिकाऊ घेतायत. मी विचारून आले."

"कुणासाठी?"

"माझ्यासाठी."

मी हातातली जुडी खाली ठेवली. "तेहतीस वर्षांची झालीस. पोरगी दहा वर्षांची आहे. आता शाळेत नाव घालतेस की काय?"

"तीन महिने बघणार आहेत. मग परीक्षा. पास झाले तर दोन वर्षांचा करार आणि शेवटी दाखला. पस्तिशी लागली की घेत नाहीत. पुढची भरती दोन वर्षांनी आहे." एवढं बोलून ती पुन्हा भाजी निवडायला लागली. म्हणजे बाईने सगळा हिशेब आधीच करून ठेवला होता. ही एकच वेळ होती.

मी खूप बोलले. काय काय बोलले ते इथे मांडत नाही, मांडण्यासारखं नव्हतं. पण माझ्या मनात काय होतं ते सांगते. कारखान्यातल्या खिडकीजवळच्या तिसऱ्या लेथवर, पोलाद कापायच्या त्या यंत्रावर, माझा मुलगा सोळा वर्षं उभा होता. त्या जागी दुसरं कुणी उभं राहणार हे मला सोसत नव्हतं, आणि ते दुसरं कुणी माझ्याच घरातून डबा घेऊन जाणार, हे तर त्याहून नाही.

ती गेली. सोबतचा दुसरा शिकाऊ अठरा वर्षांचा, मिशी फुटायच्या बेतात असलेला. पहिल्या दिवशी त्याने हिला काकू म्हटलं. काजं करून करून हिच्या बोटांना डोळे फुटलेले, चौथ्या आठवड्यात तोच पोरगा हिला "ताई, जरा हात लावून बघा ना, गुळगुळीत झालंय का?" असं विचारायला लागला. हे तिने सांगितलं नाही, नातीने सांगितलं. नातीला सगळं सांगते, मला सांगत नाही.

संध्याकाळी घरी आली की तिच्या केसांना लेथच्या तेलपाण्याचा वास यायचा. माझ्या मुलाच्या शर्टाला यायचा तोच. पहिल्या दिवशी मी स्वयंपाकघरात होते, पाठमोरी. वास आला आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "आलास?" हात धुऊन ती सरळ कणीक मळायला बसली.

त्याच पहिल्या आठवड्यातल्या शनिवारी मी कपाट उघडून बसले होते. ती समोर येऊन उभी राहिली. "आई, ती पावडर..."

"पावडरीचं काय?"

"नाही, ते घासण्याचं... आम्हाला तिथे..."

"आठ दिवस गेलीस कारखान्यात आणि मला घासायला शिकवतेस? तू या घरात आलीस तेव्हा तुला तवा घासायला मी शिकवलं."

ती मागे फिरली. मी चिंधी ओढली. त्या शनिवारी मुद्दाम वीस वेळा ओढली.

तीन महिने झाले, परीक्षेचा दिवस आला. पोलादाच्या आठ पिना कापायच्या होत्या, बोटभर लांब, वीस मिलिमीटर जाडीच्या. वीसच्या वर जरासुद्धा चालणार नाही. कमी झाली तर केसाच्या चौथ्या हिश्श्याएवढी चालेल. कापून झाल्या की दोनचष्मे एक पोलादी कडी घेऊन येतो आणि एकेक पीन तिच्यातून सरकवतो. सरकली आणि आत डुगडुगली नाही तर पास. आठही सरकायला हव्यात. एक अडली तरी घरी.

सकाळी ती चप्पल घालत होती. मी कपाटातून पेटी काढली आणि तिच्यापुढे धरली.

"हे घेऊन जा. याच्याने मोज."

ती पेटीकडे बघत राहिली. "आई, कारखान्यातच देतात मायक्रोमीटर. मी त्याच्यावरच शिकलेय."

"दहा जणांनी हाताळलेलं. घरात माझ्या मुलाचं सोन्यासारखं असताना?"

"बरं. नेते. पण आधी क्वालिटीवाल्यांकडून तपासून घेते. तसा नियम आहे, बाहेरून आणलेलं—"

"बाहेरून?" माझा आवाज चढला. "सोळा वर्षं त्याच्या हातात होतं ते. त्याने कापलेला एक तुकडा परत आला नाही कधी. त्याच्या वस्तूची आता झडती घेणार? तुला माझी शपथ आहे. तपासायला द्यायचं असेल तर नेऊच नकोस. आणि नेलं नाहीस, तर मी समजेन की त्याच्या जागेवर उभं राहायला तुला चालतं, पण त्याची वस्तू हातात धरायला लाज वाटते."

शेवटचं वाक्य आजही आठवलं की जीभ चावावीशी वाटते. तिने पेटी पिशवीत ठेवली. "येते," म्हणाली.

त्या दिवशी ती दुपारीच परत आली. पेटी कपाटात ठेवली, दार ओढून घेतलं, हातपाय धुतले आणि मशीनवर जाऊन बसली.

"काय झालं?"

"राहिलं."

"राहिलं म्हणजे?"

"पाच पिना अडल्या. जाड राहिल्या."

"त्याच्या मापाने कापूनसुद्धा?"

तिने सुईत दोरा ओवला. एकदाच माझ्याकडे बघितलं. त्या बघण्यात राग असता तर मला बरं वाटलं असतं. "हो," म्हणाली. "चूक माझी झाली."

मी काय म्हटलं असेन? "तरी मी सांगत होते," म्हटलं. आणि रात्री नातीसमोर पुन्हा म्हटलं, "तुझ्या बाबाच्या हाताला यश होतं, सगळ्यांच्या असतं असं नाही." पोरीने ताट अर्धं टाकून दिलं.

दोन दिवस घरात मशीनची खडखड तेवढी होती. तिसऱ्या दिवशी दुपारी सून शिवलेले शर्ट पोचवायला गेली. मी तिच्या पिशवीतून रिकामा डबा काढायला गेले तर वही हाताला लागली. शिकाऊंची वही. मी वाचते, पण बोट ठेवून, अक्षराला अक्षर लावून. पहिलं पान, दुसरं पान. लेथचे भाग, तेलं, काय काय. सहाव्या पानावर चित्र होतं, कमानीचं. आपल्या घरातली वस्तू मी लगेच ओळखली. पानावर तारीख होती, तिच्या पहिल्या आठवड्यातली. चित्राखाली तिच्या काजासारख्या रेखीव अक्षरात लिहिलं होतं:

मायक्रोमीटरची तोंडं कशानेही घासू नयेत. पावडर, पॉलिश, माती, काहीही नाही. फक्त मऊ कापडाने पुसावीत.

बंद करून आवळून ठेवू नये. दोन तोंडांत थोडी फट ठेवावी.

दुसऱ्याने दिलेलं माप तपासल्याशिवाय वापरू नये. देणारा कुणीही असो.

शेवटच्या ओळीखाली दोन रेघा मारल्या होत्या.

मी तिथेच जमिनीवर बसले. चार वर्षं. वर्षाचे बावन्न शनिवार. आणि हिला पहिल्या आठवड्यापासून माहीत होतं. सांगायला आली होती, समोर उभी राहिली होती, आणि मी तव्याचं सुनावून तिला परत पाठवलं. तिच्या स्वभावाला मी चौदा वर्षं गरीब म्हणत होते. गरीब कसला, तिने माझ्या जिभेच्या वाटेत उभं राहणं सोडलं होतं एवढंच.

दुसऱ्या दिवशी ती बाजारात गेल्यावर मी पेटी पिशवीत घातली आणि कारखान्यात गेले. फाटकावरचा माणूस म्हणाला, "आजी, कुणाला भेटायचंय? पास आहे का?"

"माझा मुलगा सोळा वर्षं या फाटकातून आत गेला. तू तेव्हा कुठे होतास?"

"शाळेत," तो म्हणाला.

"मग शाळेत शिकवलं नाही का, म्हाताऱ्या माणसाला उन्हात उभं करू नये?"

त्याने निमूट आत फोन लावला.

दोनचष्मेने मला लेथच्या रांगांमधून आपल्या टेबलाशी नेलं. आवाज, तेलाचा वास, जमिनीवर पोलादाचे निळसर कुरळे छिलके. तिसऱ्या लेथवर कुणी नव्हतं. मी तिकडे फार बघितलं नाही. पेटी टेबलावर ठेवली.

"माझ्या सुनेने पिना याच्याने मोजल्या."

त्याने पेटी उघडली आणि त्याचा चेहरा बदलला. "इतकं चकचकीत कसं?"

"मी घासते."

"कशाने?"

मी सांगितलं. पावडर, चिंधी, आवळणं, ओढणं. काही लपवलं नाही. मग त्याने कपाळावरचा चष्मा नाकावर आणि नाकावरचा कपाळावर घेतला, मायक्रोमीटर हळू बंद केलं. टोकाची छोटी टोपी कट् कट् कट् वाजली, तसा थांबला. आकडा बरोबर शून्यावर होता. मग ते खिडकीच्या उजेडात माझ्या डोळ्यांसमोर धरलं.

"दोन तोंडं एकमेकांना टेकलीत ना? बघा, उजेड दिसतो का?"

मोतीबिंदू काढल्यापासून मला चांगलं दिसतं. मधोमध तोंडं टेकली होती, तिथे काळोख होता. पण कडेला, वर आणि खाली, उजेडाची बारीक रेघ होती.

"चिंधी ओढून ओढून कडा झिजल्यात, मधे पोट राहिलंय. म्हणून बंद केलं की शून्य बरोबर दाखवतं. पण पीन कडेला धरली की ती आहे त्याहून बारीक दिसते. ती बिचारी बरोबर वीस बघून थांबली, आणि पीन वीसच्या वर राहिली." त्याने ते पेटीत ठेवलं, दोन तोंडांत फट ठेवून. "तुमच्या मुलाने हे माझ्यासमोर विकत घेतलं होतं, पहिल्या वर्षी. कुणाला हात लावू द्यायचा नाही."

त्याने स्टूल पुढे केलं, पण मी बसले नाही.

"म्हणजे चूक माझी आहे. तिला परत घ्या."

"चूक तिचीच आहे, काकू."

"तिने तपासायचं म्हटलं होतं! मी शपथ घातली."

"हे तिने मला सांगितलं नाही. म्हणाली, माप मी तपासलं नाही, चूक माझी. बरोबर बोलली." तो हळू बोलत होता, पण लेथच्या आवाजातही मला शब्दन् शब्द ऐकू आला. "आम्ही इथे जे बनवतो ते दुसऱ्याच्या यंत्रात जाऊन बसतं. कुणाच्या गाडीच्या ब्रेकमध्ये, कुणाच्या ऑपरेशनच्या सामानात. उद्या मालक येऊन म्हणेल, घाई आहे, तपासू नकोस. मीही म्हणेन. तेव्हा तिला नाही म्हणता आलं पाहिजे. हात तर तिचा चांगला आहे, तुमच्या मुलाच्या हाताइतका चांगला होईल. पण ज्याला नाही म्हणता येत नाही, त्याला मी तिसऱ्या लेथवर उभा करणार नाही."

मी म्हटलं, "तिला नाही म्हणायची सवय मीच राहू दिली नाही."

त्याने चष्मा पुसला. "सोमवारी एकदा बोलावतो. परत आठ पिना. कुठल्या मापाने मोजायचं ते तिचं तिने ठरवायचं. तुम्ही इथे आला होतात हे सांगायचं नाही, आणि ही पेटी जिथे असते तिथेच ठेवायची. कुणी सांगितलं म्हणून नाही म्हणाली, तर त्याचा काही उपयोग नाही."

सुनेला त्याचा फोन आला. फोन ठेवून ती वही काढून बसली.

सोमवारची सकाळ. पेटी कपाटात जागेवर होती. ती लपवली असती, पलंगाखाली सरकवली असती तर किती सोपं झालं असतं. मी कपाटाशेजारी खुर्ची घेऊन बसले. जाताना ती माझ्या पाया पडायला वाकली आणि उठताना तिची नजर काचेवर गेली. मग माझ्यावर. ती वाट बघत होती. मी काहीतरी बोलणार, हे तिला ठाऊकच होतं. चौदा वर्षांचा अनुभव.

मी ओठ आवळून बसले. पदराचं टोक मुठीत धरलं. आयुष्यात इतकं जड काम मी केलं नव्हतं. नात दप्तर पाठीला लावून दारात उभी, आमच्या दोघींकडे बघत.

तिने कपाट उघडलं. पेटी बाहेर काढली, उघडली, त्याच्यावर बोट फिरवलं. घेऊन चालली, असं वाटलं.

"आई," ती म्हणाली, "मी हे नेणार नाही. हे माप खोटं झालंय."

तिने पेटीचं झाकण लावलं.

"त्यांचं आहे म्हणून खरं होत नाही. मी कारखान्यातलं घेणार, आणि तेही तपासून घेणार. तुम्ही रागावलात तरी."

माझ्या मुलाच्या वस्तूला, त्याच्या फोटोसमोर उभं राहून, या बाईने खोटं म्हटलं. आणि ते खरं होतं, आणि ते मी केलं होतं, आणि मला ते बोलायची मुभा नव्हती. मी नुसती मान हलवली. होय की नाही, तिला कळलं नसेल. तिने पेटी परत ठेवली, पोरीचा हात धरला आणि जिना उतरून गेली.

तो दिवस सरता सरेना. पावडरीचा डबा मी कचऱ्यात टाकला. मग परत काढला, भांड्यांना लागतो म्हणून, आणि मोरीच्या फळीवर ठेवला, त्याची जागा तिथेच. चिंधी मात्र जाळली.

संध्याकाळी जिन्यावर पावलं वाजली. ती आत आली, तोच वास घेऊन. पिशवीतून एक कागद काढून तिने माझ्या मांडीवर ठेवला. मी बोट ठेवून वाचायला लागले. दोन वर्षांचा करार, खाली दोनचष्मेची सही, आणि तिची.

"आठही?"

"आठही. शेवटची जरा घासत गेली, पण गेली."

मी कागद गुडघ्यावर सपाट केला. सांगायचं नाही हे मला ठाऊक होतं, पण आता तर सही झाली होती. मी तोंड उघडणार, तेवढ्यात तीच म्हणाली, "फाटकावरचा दादा विचारत होता, तुमच्या सासूबाई परत कधी येणार? म्हटलं, का? तर म्हणाला, आधी कळवा, मी त्या दिवशी रजा टाकतो."

नात खुदकन हसली. सुनेने तोंडावर पदर घेतला. मला हसू आलं नाही, पण डोळे पुसायला निमित्त झालं.

"कधी कळलं तुला?"

"आत्ता, निघताना." तिने कपाट उघडलं आणि पेटी खाली घेतली. "आई, हे सरळ करता येतं. काचेसारख्या सपाट पाट्यावर, अगदी हळू. दुसऱ्या वर्षी शिकवतात. साहेब म्हणाले, तेव्हा आण."

"तू करशील?"

"मी करेन. तोवर कुणी हात लावायचा नाही." थांबून तिने सावकाश पुढचं वाक्य उच्चारलं, जसं काही आकडा वाचतेय. "तुम्हीसुद्धा."

"बरं," मी म्हटलं.

तिने झाकण लावायच्या आधी मी वाकून बघितलं. दोन तोंडांमध्ये फट होती, पोस्टकार्डाच्या जाडीची. त्या शनिवारी मी कपाटाच्या बाहेरची काच तेवढी पुसली.